कागद सुटला, वाचक सुटू नये

ब्राझीलच्या पाराना राज्यात, कुरितिबा येथून, १९१९ साली ‘गाझेता दो पोवो’ हे दैनिक निघाले. ‘लोकांचे वृत्तपत्र’ हाच त्या नावाचा अर्थ. २०१७ साली या पत्राने रोजचा छापील अंक बंद केला, साप्ताहिक अंक तेवढा कागदावर ठेवला आणि दैनंदिन वृत्तपत्र संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर नेले. १८२१ साली पोर्तुगीज राजवटीतच ‘गाझेता द गोवा’ पाहिलेल्या गोमंतकाला ही वार्ता परकी वाटू नये. कागदाचा खर्च वाढतो आहे, जाहिराती पडद्याकडे वळत आहेत. ही वाट आपल्याही दारावरून जाणारी आहे.

त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. शिळाप्रेस गेला, खिळे गेले, तरी वृत्तपत्र राहिले. प्रश्न साधनाचा नसून वाचकाच्या हक्काचा आहे. वाचनालयाच्या मेजावर पडलेला एकच अंक दिवसभर हातोहात फिरतो आणि तो विकत घेण्याची ऐपत नसलेलाही वाचून जातो. पडद्यावरचे वृत्तपत्र मात्र ज्याच्यापाशी यंत्र आहे त्याला आणि पुष्कळदा ज्याने वर्गणी भरली त्यालाच लाभते.

येथे बडोद्याचे स्मरण अगत्याचे ठरते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले. परंतु शिकलेल्यास वाचावयास मिळाले नाही तर तो अक्षरही विसरतो, हे जाणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मांडवी भागातील मध्यवर्ती ग्रंथालय आणि पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये ही त्या दूरदृष्टीची फळे होत. मजकूर छापला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. तो वाचकाच्या हाती पडला पाहिजे, हे त्या धोरणाचे मर्म होते.

तेच सूत्र आज लावावयास हवे. पडद्यावरच्या वृत्तपत्रांची वर्गणी सार्वजनिक ग्रंथालयांनी भरावी आणि ती वाचण्याची सोय गावोगावच्या वाचनालयांत विनामूल्य असावी. जतनाचा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. ग्रंथालयांना प्रती देण्याच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रे समाविष्ट झाली. पण तो कायदा छापील प्रतीच्या हिशेबाने रचलेला आहे. जे छापलेच जात नाही त्याची फाइल कोण बांधणार? १८३२ पासूनचा वारसा सांगणाऱ्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे हे काम सोपवून सरकारने त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. कागद सोडण्याचा निर्णय मालकाचा असेल. वाचकाला सोडण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही.