बँकॉकचे तिकीट आणि त्यानंतरचे महिने

मुंबईहून बँकॉक विमानाने सुमारे साडेचार तासांवर आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी पारलिंगी स्त्रियांच्या मनात या शहराने बरीच वर्षे घर केले आहे. कपाळ, नाक, जबडा, कंठमणी, छाती यांपैकी जे काही करायचे ते ‘थायलंडलाच’, असे त्या आपापसांत म्हणतात. युरोप-अमेरिकेच्या मानाने तिथला खर्च बराच कमी आणि हातही सरावाचा. घरचे लोक, इथले डॉक्टर आणि समुदायातल्या अनुभवी मैत्रिणी मात्र विचारतात, की इतक्या दूर जाऊन काही बिघडले तर कोण बघणार? दोन्ही बोलणी काळजीतूनच आलेली आहेत, म्हणून दोन्ही नीट ऐकायला हवीत.

जाऊ म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. थायलंडमध्ये लिंगपुष्टीच्या शस्त्रक्रियांची परंपरा १९७५ पासूनची. डॉ. प्रीचा तियेवत्रानोन यांच्यासारख्या शल्यविशारदांनी तिथे केवळ शस्त्रक्रिया केल्या नाहीत, पुढच्या पिढीचे हातही घडवले. एकच शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे करणारा शल्यविशारद आणि ती अधूनमधून करणारा यांच्या कामात फरक पडतो, हे वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. शिवाय वागणुकीचा प्रश्न असतो. तिथे नोंदणीच्या खिडकीवर नाव पुकारताना कुणी चपापत नाही, वॉर्डात कुजबुज होत नाही, गावाकडचा ओळखीचा माणूस अचानक समोर येत नाही. आपल्याकडच्या रुग्णालयात ‘हिला बायकांच्या वॉर्डात ठेवायचे की पुरुषांच्या’ यावर तासभर खल झालेला ज्यांनी सोसला आहे, त्यांच्या हिशेबात या वागणुकीची किंमत मोठी असते. ती मोठीच धरायला हवी.

चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण ‘हे तर केवळ दिसण्यासाठी’ हा आक्षेप त्यांच्यावरच सर्वाधिक घेतला जातो. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. डग्लस ऑस्टरहाउट यांनी १९८२ च्या सुमारास स्त्री-पुरुषांच्या कवट्यांमधील फरकांचा अभ्यास करून चेहरा स्त्रीसुलभ करण्याची ही पद्धत उभी केली. भुवयांवरचा उंचवटा नुसता घासून भागत नाही. त्याच्या मागे हवेची पोकळी असते आणि पुढची हाडाची भिंत पातळ असते. म्हणून अनेकदा ती भिंत कापून, आकार देऊन, मागे बसवावी लागते. पौगंडावस्था उलटून गेल्यावर संप्रेरकांनी त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते. हाड मात्र बदलत नाही. आणि भाड्याची खोली बघताना, मुलाखतीला बसताना, लोकलच्या महिला डब्यात चढताना लोक आधी चेहराच पाहतात. पारलिंगी आरोग्याच्या जागतिक व्यावसायिक संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठव्या मार्गदर्शक आवृत्तीत चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांना लिंगपुष्टीच्या उपचारांमध्ये स्थान आहे, ते याचमुळे.

तरीही परतीच्या विमानात बसल्यावर काय होते, हा प्रश्न उरतोच. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन आणि लांबचा विमानप्रवास त्यात भर घालतात. योनिनिर्मितीची शस्त्रक्रिया झाल्यावर दिवसातून अनेकदा डायलेटर (योनिमार्ग आक्रसू नये म्हणून आत घालायचे साधन) वापरावा लागतो, तोही महिनोन्‌महिने. त्यात खंड पडला तर केलेले सगळे आक्रसू लागते. टाके उसवणे, लघवीची धार वाकडी जाणे, जखमेत संसर्ग होणे हे निष्णात हातांकडूनही घडू शकते. त्या वेळी मूळ शल्यविशारद व्हिडिओ कॉलवर असतो आणि रुग्ण साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी असे काम पूर्वी पाहिलेले नसते, आणि दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेला हात लावायला ते धजावत नाहीत. त्यांच्या कचरण्यातही तथ्य आहे.

कायद्याची बाजूही इथेच येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली. परदेशातल्या रुग्णालयाविरुद्ध हे हत्यार जवळपास बोथट ठरते. मेक्सिकोतील मातामोरोस शहरात २०२३ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी गेलेल्या अमेरिकी रुग्णांना पाठीतून दिलेल्या भुलीमुळे बुरशीजन्य मेंदूज्वर झाला आणि काहींचा मृत्यू ओढवला. ते रुग्ण पारलिंगी म्हणून गेलेले नव्हते आणि मातामोरोस म्हणजे बँकॉक नव्हे. परंतु आजार कळेपर्यंत रुग्ण आपापल्या गावी पांगलेले असतात, ही अडचण दोन्हीकडे सारखीच.

याउलट, घरच्या जवळ म्हणजे सुरक्षित असेही नाही. केरळमधल्या पारलिंगी कार्यकर्त्या अनन्या कुमारी अ‍ॅलेक्स यांनी आपल्याच राज्यात झालेल्या शस्त्रक्रियेत हलगर्जी झाल्याची आणि नंतर सतत वेदना सोसाव्या लागल्याची जाहीर तक्रार केली होती. जुलै २०२१ मध्ये त्या मृतावस्थेत आढळल्या. भाषा, कायदा, ओळखीचा प्रदेश सगळे जवळ असूनही त्यांचे दुःख वेळेत ऐकले गेले नाही, अशीच भावना त्यांच्या समुदायात उमटली. त्याआधीच्या पिढ्यांनी तर ‘निर्वाण’, म्हणजे हिजडा समुदायातला पारंपरिक लिंगच्छेद, दाईच्या हातून, भूल न देता करवून घेतले. त्यात कितीजणी दगावल्या याची नोंद कुठेच नाही. म्हणून परदेशी जाणारीला बेजबाबदार ठरवण्याचा अधिकार आपल्या व्यवस्थेला सहजासहजी मिळत नाही.

व्यवस्थेने काहीच केलेले नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. तमिळनाडूत सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रिया विनामूल्य होत आल्या आहेत. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर २०१८ मध्ये मुंबईच्या सरकारी सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. रजेच्या परवानगीसाठी त्यांना उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, हा भाग वेगळा. २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारतमध्ये पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांच्या संरक्षणाची घोषणा केली आणि त्यात या शस्त्रक्रियाही घेतल्या. मात्र हातात कार्ड असणे वेगळे, आणि ते स्वीकारणारे, या कामात मुरलेले रुग्णालय एसटीच्या टप्प्यात असणे वेगळे. खासगी विम्याकडे वळावे तर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या अपवादांच्या यादीत सातव्या क्रमांकावर लिंगबदलाचे उपचार आहेत आणि आठव्यावर सौंदर्यशस्त्रक्रिया. खरे तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने शस्त्रक्रिया, संप्रेरके, अगदी लेझर उपचारांपर्यंत विमा योजनेची तरतूद सरकारवर सोपवली होती. काही मोठ्या कंपन्यांच्या समूह विम्यात हा खर्च बसतो. दुकानोदुकानी बाजार मागून जगणारीच्या वाट्याला ते येत नाही.

थायलंडलाही नंदनवन समजू नये. शस्त्रक्रियेत इतका पुढे गेलेला हा देश आपल्या पारलिंगी नागरिकांना कागदपत्रांवरचे लिंग बदलू देत नाही. तसा प्रस्ताव तिथल्या संसदेने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. परदेशी रुग्णाला मिळणारे अगत्य खरे असते, पण रुग्णालयाच्या दारापुरतेच असते.

मग तोल कुठे झुकतो? माझ्या मते निर्णय देशापेक्षा शस्त्रक्रियेच्या प्रकारावर आणि नंतरच्या शुश्रूषेवर ठरावा. जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी भारतातला अनुभवी शल्यविशारद शोधणे अधिक शहाणपणाचे, मग तो चेन्नईत किंवा दिल्लीत का असेना. तिथे रात्रीच्या गाडीने पुन्हा पोहोचता येते, तिथला केसपेपर इथल्या डॉक्टरांना वाचता येतो आणि तक्रारीला जागा असते. निकालाची सुबकता थोडी कमी पडण्याचा संभव यात आहे, हे मान्य करूनच मी हे म्हणतो. कपाळ-जबड्याच्या हाडांचे काम मात्र आपल्याकडे फार थोडे हात करतात. त्यातली बहुतेक गुंतागुंत पहिल्या काही आठवड्यांत समोर येते आणि तेवढे दिवस तिथे राहणे शक्य असते. अशा कामासाठी परदेशी जाणे समर्थनीय ठरू शकते.

माझी अट पैशाची आहे. पॅकेजचा आकडा म्हणजे खर्च नव्हे. सोबतीच्या माणसाचे राहणे, बुडालेला रोजगार आणि दुरुस्तीसाठी पुन्हा जावे लागलेच तर त्याची तजवीज हे सारे धरून जो आकडा येतो तो खरा. तो सावकाराच्या किंवा समुदायातल्या गुरूच्या उचलीतून उभा राहणार असेल तर थांबावे, असे मला वाटते. बरे होण्याच्या काळातच हप्ता सुरू झाला की जखम ओली असताना कामावर उभे राहावे लागते. यावर कुणी म्हणेल, ‘आणखी चार वर्षे या चेहऱ्याने जगायचे कसे, ते तुम्ही सांगा.’ या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही, आणि तसे म्हणून निघालेल्या प्रौढ व्यक्तीला अडवण्याचा हक्कही नाही. आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही हेही त्याच निकालात सांगितले.

जी जाणार आहे तिने निघण्यापूर्वी आपल्या शहरातला एक सर्जन गाठावा आणि परतल्यावर तपासणी करायला त्याची तयारी आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. संप्रेरके कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. परत येताना शस्त्रक्रियेचा संपूर्ण अहवाल, दिलेल्या औषधांची यादी आणि शरीरात बसवलेल्या प्लेट, स्क्रू किंवा इम्प्लांटचा तपशील इंग्रजीतून मागून घ्यावा. इथला सर्जन आधी तोच विचारणार आहे.