संथ चित्रपट आणि धानाच्या लोंब्या

निकोलाउस गायरहाल्टर या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा ‘आमची रोजची भाकर’ अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट २००५ साली आला. युरोपातील अन्न-उद्योगाचे हे दीड तासाचे चित्रण आहे. त्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत, पार्श्वसंगीतही नाही. सरकत्या पट्ट्यावरून वाहत जाणारी कोंबडीची पिल्ले, अफाट काचगृहांतील भाजीपाला, विमानातून होणारी फवारणी, कत्तलखान्यातील क्रमवार कापाकापी आणि मधल्या सुटीत मुकाट्याने घास गिळणारे कामगार, एवढेच कॅमेरा दाखवीत राहतो. चित्रपट कंटाळवाणा आहे आणि अस्वस्थही करतो. मग तो पाहावा कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो.

संथपणाच्या आक्षेपाला उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातच सापडते. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या त्यांनी हेरल्या. त्यांचे बी निराळे जपून, पेरून, पुन्हा निवडून काही वर्षांनी जो तांदूळ सिद्ध झाला, तोच ‘एचएमटी’. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे हे नाव त्याला बाजारात मिळाले आणि वाण दूरवर पसरला. श्रेयासाठी व मोबदल्यासाठी मात्र दादाजींना अखेरपर्यंत झगडावे लागले. २०१८ साली ते निवर्तले. त्या वाणामागे प्रयोगशाळा नव्हती. होती ती एकाच गोष्टीकडे दीर्घकाळ पाहत राहण्याची सवय. चित्रपट प्रेक्षकाकडे हीच सवय मागतो. अन्न-उद्योगाची सारी घडण मात्र खाणाऱ्याने काहीच पाहू नये अशी असते. पुडके हाती येते, त्यामागचा प्राणी आणि माणूस नजरेआड राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात बालकांचे कुपोषण अद्याप हटलेले नाही. तेथे श्रीमंत देशांतील विपुलतेची चिकित्सा ही चैनच नव्हे काय? शिवाय चित्रपट कोणताही उपाय सुचवीत नाही. यात तथ्य आहे. यंत्राने अन्न मुबलक व स्वस्त केले, हे यश क्षुल्लक नव्हे. उपाशी माणसाला त्याच्या उणिवा सांगणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु तोच उद्योग आज पुडक्यांच्या रूपाने जंगलातील गावांच्या दुकानांत पोहोचला आहे. मोह, रानभाज्या आणि नदीची मासळी यांवर पोसलेल्या गावाने नव्या अन्नाचा स्वीकार करावा की करू नये, हे ठरविण्याचा अधिकार गावाचाच आहे. पण न पाहता केलेला स्वीकार हा निर्णय नव्हे. निवेदन नसल्याने चित्रपट कोणाच्या माथी निष्कर्ष मारीत नाही, हा येथे दोष नसून गुणच ठरतो.

म्हणून चित्रपट पाहावा. लहान मुलांना मात्र दाखवू नये. धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीतील गावे नाटकासाठी रात्र-रात्र जागतात. त्यांतलीच एखादी संध्याकाळ याला द्यावी आणि चित्रपट संपल्यावर लगेच उठू नये. ताटातला घास कोठून आला, एवढे एकमेकांना विचारावे. या धानाच्या मुलखात पुष्कळांना त्याचे उत्तर अजून देता येते. ते देता येत आहे, तोवरच हा चित्रपट पाहण्याचा खरा उपयोग आहे.