धुण्यातील काटकसर

१८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी तिचे रूळ कल्याणला पोहोचले. त्या रुळांच्या आधाराने ठाणे, डोंबिवली व कल्याण ही नोकरदारांची शहरे वाढली. सकाळी स्वच्छ कपडे घालून गाडी गाठणारा मनुष्य संध्याकाळी गर्दीतून घामाघूम होऊन परततो आणि ते कपडे धुण्यात पडतात. म्हणून येथील घराघरांत धुणे हे रोजचे काम, तर साबण, पाणी, वीज व इस्त्री हा रोजचा खर्च होऊन बसला आहे. तो कमी व्हावा, असे प्रत्येकास वाटते. परंतु तो कोठे कमी करावा, याचा विचार थोडेच करतात.

पुष्कळ ठिकाणी काटकसरीचा आरंभ इस्त्रीवाल्यापासून होतो. एका रुपयासाठी त्याच्याशी घासाघीस चालते. ही काटकसर नव्हे. दुसऱ्याच्या श्रमाचा मोबदला कापून जे उरते, ते त्याच्या ताटातून काढलेले असते. खरी काटकसर आपल्या हातून होणारी नासाडी थांबवते.

ही नासाडी दिसण्यात लहान असते. रोज १० ग्रॅम पावडर जास्त टाकली, तर वर्षाला साडेतीन किलोंहून अधिक पावडर वाया जाते. फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक, हा समज खरा नव्हे. मळ काढण्यास बेताचाच साबण पुरतो. जास्तीचा साबण धाग्यांत राहतो आणि तो काढण्यास आणखी पाणी खर्ची पडते. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः उल्हास नदीचे आहे. ते शुद्ध करून घरोघर पोहोचवण्यास पैसा व वीज लागते. १००० वॅटची इस्त्री सतत तासभर तापत राहिली, तर विजेचे एक युनिट खर्च होते. कॉलर व बाह्यांची टोके आधी हाताने चोळली, धुण्याचे यंत्र पुरेसे कपडे साठल्यावरच लावले आणि ओले कपडे झटकून सरळ वाळत घातले, तर साबण, पाणी आणि वीज या तिन्हींची बचत होते. ऊन तर फुकटच मिळते. मात्र पावसाळ्यात जाड कपडे उघडीप पाहून धुवावेत.

महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर असताना त्यांना धोब्याचा खर्च जड वाटू लागला. कॉलर धुण्याची मजुरी जवळजवळ नव्या कॉलरीच्या किमतीइतकी पडे. त्यांनी धोब्याशी घासाघीस केली नाही. धुण्याचे साहित्य व त्या विषयाचे पुस्तक विकत घेतले, ती कला स्वतः शिकली आणि कस्तुरबांनाही शिकवली. पहिल्या कॉलरीची खळ न्यायालयात गळू लागली, तेव्हा सहकारी हसले. पण त्यांनी उद्योग सोडला नाही. पुढे १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले तिकडे गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे ते जिवापाड जपत. एका समारंभापूर्वी त्यास इस्त्री करण्याची तयारी गांधीजींनी दाखवली. गोखल्यांना आधी शंका वाटली; पण इस्त्री उत्तम झाली आणि त्यांनी ती पसंत केली.

धुण्याच्या हिशेबात आणखी एक खर्च असतो. तो कोणी वहीत मांडत नाही. तो म्हणजे आईचे श्रम. खेळून आलेल्या मुलाने चिखलाचे मोजे कोपऱ्यात फेकले, की ते धुण्यास दुप्पट वेळ, दुप्पट साबण आणि आईच्या हातांची दुप्पट झीज लागते. तेच मोजे त्याने लगेच पाण्यात बुचकळून चोळले, तर काम पाच मिनिटांचे असते. अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना आपला रुमाल, मोजे आणि शाळेचा गणवेश धुता आलाच पाहिजे. यात मुलगा आणि मुलगी असा भेद असू नये. ज्या घरी प्रत्येक जण आपल्या कपड्यांचा भार थोडा तरी स्वतः उचलतो, त्या घरी पैसा वाचतो आणि माणसेही थकत नाहीत.