शिशाचा भाव आणि माणसाचा जीव

भंगाराच्या धंद्यात डोळा आणि काटा या दोन गोष्टींवर सगळा व्यवहार चालतो. माल पाहून धातू ओळखायचा, काट्यावर वजन करायचे आणि भाव लावायचा. पण जी वस्तू डोळ्याला दिसत नाही, जिला वास नाही आणि जी हाताला चटका देत नाही, तिच्यापुढे आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव काय कामाचा? किरणोत्सर्गी पदार्थ ही अशी वस्तू आहे. म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही, तो आपल्या गोदामाचाही आहे.

दिल्लीच्या मायापुरी बाजारात 2010 साली काय झाले ते प्रत्येक भंगार व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेले एक जुने यंत्र वर्षानुवर्षे बंद पडून होते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. बाजारात ते फोडण्यात आले. आतले कोबाल्टचे तुकडे हातोहात फिरले. एकाने तर एक तुकडा पाकिटात ठेवला होता. एप्रिलमध्ये लोकांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले, तेव्हा कुठे रुग्णालयातून खबर बाहेर गेली. एक मजूर मरण पावला आणि इतर काही जणांना रुग्णालयात उपचार घ्यावे लागले.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात सप्टेंबर 1987 मध्ये याहून भयंकर घडले होते. ओसाड पडलेल्या दवाखान्यातील कर्करोगाच्या उपचाराचे यंत्र दोघांनी उचलून नेले आणि त्याचे भाग भंगारवाल्याला विकले. आत सीझियम-137 ची पूड होती. ती अंधारात निळी चमके, म्हणून घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी कौतुकाने हाताळली. चार जण दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. 249 जणांच्या अंगावर किंवा शरीरात तो पदार्थ आढळला.

दोन्ही ठिकाणी भंगारवाल्याची लबाडी नव्हती. किरण अडवण्यासाठी अशा यंत्राला शिशाचे जाड कवच असते, आणि बाजारात भाव असतो तो शिशालाच. म्हणजे जे कवच माणसाला वाचवते, तेच फोडण्यात आपला नफा असतो. हा धंद्यातला फास आहे आणि तो ओळखला पाहिजे.

मग जबाबदारी कुणाची? आमचे स्पष्ट मत आहे की पहिली जबाबदारी विकणाऱ्याची. सुशिक्षित संस्थेने काय विकले हे तिला माहीत नसेल, तर हातगाडीवाल्या मजुराने ते कसे ओळखावे? रुग्णालय, महाविद्यालय किंवा कारखान्याचा लिलाव असेल तर मालात किरणोत्सर्गी स्रोत नाही, असे लेखी मागून घ्या. देत नसतील तर बोली लावू नका. एका व्यापाऱ्याने मागितले तर त्याला हाकलून देतील. सगळ्या बाजाराने मागितले तर द्यावेच लागेल.

पण सगळे दुसऱ्यावर ढकलून चालणार नाही. आपल्या गोदामातला मजूर ही आपली अमानत आहे. पिवळ्या जमिनीवर काळ्या तीन पाकळ्यांची खूण किंवा लाल त्रिकोणात कवटीचे चित्र दिसले, आकाराच्या मानाने माल फारच जड लागला, तर त्याला गॅस कटर लावू नका, भट्टीत घालू नका. माणसे दूर करा, जागा बंद करा आणि पोलिसांना कळवा. मुंबईत अणुशक्तिनगरला अणुऊर्जा नियामक मंडळाचे कार्यालय आहे, त्यांनाही कळवावे. माल गुपचूप पुढच्या गल्लीत विकणे हा सौदा नव्हे, तो गुन्हा आहे.

रसायनांच्या रिकाम्या पिंपांनाही हाच नियम लावा. पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ उरलेली असते, आणि कटरची एक ठिणगी त्या वाफेला पुरते. आत काय होते हे विचारल्याशिवाय पिंप घेऊ नये आणि नीट धुतल्याशिवाय कापू नये.

किरण मोजण्याचे यंत्र एकट्या छोट्या व्यापाऱ्याला कदाचित जड जाईल, पण बाजाराच्या संघटनेला नाही. काटा सामाईक असू शकतो, तर हे यंत्रही सामाईक का असू नये? शिवाय यात व्यापाराचाही प्रश्न आहे. 2008 साली भारतातून फ्रान्सला गेलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडले आणि तिथल्या कामगारांना त्याची बाधा झाली. भट्टीत गेलेला एक वाईट तुकडा साऱ्या देशाच्या मालाचे नाव खराब करतो.

शिशाचा भाव उद्या पुन्हा चढेल. गेलेला माणूस मात्र कोणत्याही भावाने परत येत नाही. पुढच्या लिलावाला जाण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे.