अर्धा दिवस मालवणच्या बेटावर

सहल म्हटली की नोकरदार-कामगाराच्या घरात आधी दोन प्रश्न निघतात. खर्च किती आणि रजा किती. आमच्याकडेही तेच झाले. मागच्या हिवाळ्यात कुडाळला नात्यातले एक लग्न होते. लग्न आटोपले, परतीची गाडी रात्रीची, मधला दिवस रिकामा. कुडाळहून मालवण एस.टी.ने तासाभराचे. आमच्या आईने समुद्र पाहिला होता तो लांबूनच. म्हणून तिला होडीतून सिंधुदुर्गला न्यायचे ठरले.

कारकुनी सवयीने आम्ही वहीत यादी केली. किल्ला, तारकर्ली, बाजार, आणखी दोन ठिकाणे. प्रत्येकापुढे वेळ. पत्नीने वही पाहिली आणि म्हणाली, "ऑफिस इथेही आणलंत का?" यादीत किल्ला तेवढा उरला.

निघण्यापूर्वी यजमानांकडच्या एका वृद्ध मामांनी भरतीचा हिशेब शिकवला. तो वाचकांनी लिहून ठेवावा. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे सकाळी अकरा-साडेअकराला भरती, सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा कधी हे आपल्या घरात विचारावे लागत नाहीच, तिथून पुढे मोजता येते. वद्य पक्षात पुन्हा एकपासून सुरुवात. हिशेब ढोबळ आहे, किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावेच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी बेताचे. आम्ही गेलो तेव्हा अष्टमी होती. आठ पाऊणे सहा, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. मुलांसाठी याहून चांगला मुहूर्त नको. पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात.

धक्क्यावर गेलो तर होडी भरलेली. तरी "या, चार माणसं मावतील" अशी हाक आली. आई पाऊल उचलेना. मागचे लोक कुरकुरू लागले, आम्हालाही ओशाळल्यासारखे झाले. पण आईचे खरे होते. आम्ही बाजूला झालो, वीस मिनिटांनी दुसरी होडी मिळाली. २४ मे २०२२ रोजी याच तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट बुडून दोघे दगावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली, १५ जीव गेले. त्यांनीही तिकीट काढले होते ते अर्ध्या दिवसाच्या मौजेचेच. भरल्या होडीत बसू नये आणि लाइफ जॅकेट मांडीवर न ठेवता अंगात घालावे. बक्कल लावावे, पट्टा आवळावा. लहान मुलाचे जॅकेट खांद्याशी धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे, दुसरे मागावे. आमच्या मुलाने "फोटो चांगला येत नाही" म्हणून ते काढायचा हट्ट धरला. फोटो जॅकेटसकटच निघाला.

दहा-पंधरा मिनिटांत आपण कुरटे बेटाला लागतो. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात पायाचा दगड बसवला आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. पायात शिसे ओतले आहे. दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपलेला, की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी, चारी बाजूंना खारे पाणी असून त्यांचे गोडे. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. त्यांचे काय होत असेल पावसाळ्यात, असे आईने दोनदा विचारले. आधी तिला ती बाजारहाटाची काळजी.

तटातल्या एका लहान दाराने बाहेर पडले की राणीची वेळा. वेळा म्हणजे छोटी पुळण. पाणी उतरले होते, ओली वाळू उघडी पडलेली. मुले शिंपले वेचू लागली. त्यांना गुडघ्यापुढे जाऊ दिले नाही. आईने चपला हातात घेतल्या, लुगडे जरा वर खोचले आणि पाण्यात पाय सोडून एका खडकावर बसली. पाच मिनिटे झाली, पंधरा झाली. आम्ही घड्याळ पाहत होतो, कारण होडीवाले तासाभराने परत बोलावतात. तीस वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी करून तिने आम्हाला बी.कॉम. केले. पाण्यात हात-पाय तिचे रोजच असत, पण काम नसताना पाण्यात पाय घालून बसलेली आम्ही तिला प्रथमच पाहिली. उठवायला निघालो तर पत्नीने हात धरला. तीच धक्क्यावर जाऊन पुढच्या होडीचे बोलून आली. डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी मग तिथेच उघडली. कागद, पिशव्या सगळे गोळा करून परत आणले, हे सांगायला नको.

मालवणला उतरल्यावर शहाळी घेतली. रात्री गाडीत वही उघडली तर होडी, शहाळी, चहा आणि एस.टी. एवढ्याच नोंदी. आईने विचारले, पुढच्या वेळी ताईला आणायचे का? ताई कारखान्यात पॅकिंगला आहे. तिची रजा आधी विचारावी लागेल.