‘रिस्पॉन्स नाही’ लिहिण्याआधी

अपघातात डोक्याला जबर मार बसलेला रुग्ण काही आठवड्यांनी डोळे उघडतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मग दिवस जातात, आणि तो नुसता बघत राहतो. राउंडला आलेले डॉक्टर हाक मारतात, चिमटा काढून बघतात आणि केसपेपरवर ‘रिस्पॉन्स नाही’ अशी नोंद होते. फिजिओथेरपी चालू ठेवायची का, पैसा कुठवर उभा करायचा, घरी कधी न्यायचं, हे सगळं पुढे त्या दोन शब्दांवर ठरतं. ते शब्द एकाच तपासणीच्या भरवशावर लिहिणं अन्यायाचं आहे.

बेल्जियममधल्या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 44 रुग्ण पुन्हा तपासले. डॉक्टरांनी एकमताने त्यांना जाणीव नसल्याचं ठरवलं होतं. ठरावीक पद्धतीने तपासल्यावर त्यातल्या 18 जणांमध्ये जाणिवेच्या खुणा सापडल्या. त्याआधी, 1996 साली, लंडनच्या एका पुनर्वसन रुग्णालयातही 40 पैकी 17 रुग्णांचं निदान चुकलेलं आढळलं होतं. त्या 17 जणांपैकी बहुतेकांची दृष्टी गेलेली किंवा फार अधू झालेली होती. ज्याला दिसतच नाही, तो नजर फिरवणार कशी?

आपल्याकडे आयसीयूत पहिला प्रश्न असतो, ‘जीसीएस किती?’ ग्लासगो कोमा स्केल हे 1974 पासूनचं मापन तातडीच्या उपचारात फार मोलाचं आहे. पण डोळे आपसूक उघडले की त्यात डोळ्यांचे चारपैकी चार गुण मिळतात; नजर कशाच्या मागे जाते का, याला एकही गुण नाही. घशात श्वासासाठी ट्रॅकिओस्टॉमीची नळी असेल, तर बोलणं तपासताच येत नाही.

जाणिवेच्या अशा बारीक खुणा टिपण्यासाठी 2004 पासून ‘कोमा रिकव्हरी स्केल-रिव्हाइज्ड’ ही तपासणी आहे. ऐकणं, पाहणं, हालचाल, तोंडाच्या हालचाली व उच्चार, संवाद आणि जागेपणा असे तिचे सहा भाग, एकूण 23 गुण. नजर तपासायला तिथे साधा आरसा वापरतात, कारण वस्तूपेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर लवकर वळते. सूचना दिली की दहा सेकंद थांबायचं, तीच सूचना चारदा द्यायची. मुठीत बोट देऊन ‘दाब’ म्हणू नये. मूठ प्रतिक्षिप्त क्रियेनेही आवळते. ‘अंगठा वर कर’ म्हणावं, आणि न सांगताही अंगठा हलतो का, ते आधी पाहून ठेवावं. अशा रुग्णांचं लक्ष सकाळी असलं तरी दुपारी नसू शकतं. झोपेची औषधं, फिट, ताप यांनीही ते हरवतं. म्हणून दोन आठवड्यांत निदान पाच वेळा तपासावं, असं 2017 च्या अभ्यासातून पुढे आलं.

याला महागडं यंत्र लागत नाही. प्रशिक्षण आणि वेळ लागतो. एमआरआय आणि ईईजीची मदत मोठीच आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांचा मेंदू सूचनेप्रमाणे काम करताना दिसला. पण ती सोय जिल्हा रुग्णालयात येईपर्यंत आरसा आणि घड्याळ तरी वापरायला हवं.

घरच्यांची आशाही तपासूनच घ्यावी लागते. जांभई, डोळ्यांतलं पाणी, आवळलेली मूठ ही ओळख पटल्याची खूण असेलच असं नाही. पण रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्याला दिसलेलं राउंडच्या पाच मिनिटांत दिसत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात मेंदूच्या इजेमुळे अनेक वर्षं अंथरुणाला खिळून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्याबाबत 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांना जाणिवेचा निश्चित पुरावा दिसला नाही. शानभाग यांना वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या परिचारिका मात्र अरुणा प्रतिसाद देतात असं सांगत होत्या. शास्त्राने अशा माणसांचं म्हणणं मोडीत न काढता मोजून पाहावं.

मेंदूला गंभीर इजा झालेल्या रुग्णाला घरी पाठवण्याआधी ही तपासणी पुनःपुन्हा करून तिचे गुण तारखेसह केसपेपरवर लिहिणं राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक करावं. आणि तुमचं माणूस अशा अवस्थेत असेल, तर डॉक्टरांना विचारा: कोणत्या पद्धतीने तपासलं, कितीदा, आणि त्या वेळी रुग्ण पुरता जागा होता का? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.