लॅपटॉप भंगारात काढण्याआधी डिस्क बदलून पाहा



बहुतेक शाळांत एक तरी जुना लॅपटॉप असतो. बटण दाबून परिपाठ घेऊन या, तरी तो सुरू होत असतो. यू-डायस प्लसची माहिती भरायची शेवटची तारीख आली की हमखास अडकतो. मग कुणीतरी म्हणतं, "हा संपला आता, नवीन घ्या." लोकवर्गणीचा विषय निघतो. घरीही तेच. मुलगी अकरावीत गेली की जुना लॅपटॉप कपाटावर आणि नवा हप्त्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्याचा विचार करण्याआधी जुन्याची हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवून पाहा. संथ झालेला प्रत्येक लॅपटॉप म्हातारा झालेला नसतो. पुष्कळदा त्याचा एकच भाग बाकीच्यांना ताटकळत ठेवत असतो.

लॅपटॉप नेमका कुठे अडतो?

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला 5400 फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला 90. (सहावी-सातवीच्या मुलांना हे गणित जरूर घाला!) हवी ती माहिती वाचण्यासाठी आधी एक बारीक दांडी योग्य जागी सरकते, मग चकतीचा तो भाग फिरून तिच्याखाली येईपर्यंत थांबावं लागतं. एका वेळेला हा उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा, किंवा थोडा जास्त. ऐकायला किरकोळ वाटतो. पण विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. तेवढा वेळ प्रोसेसर नुसता बसून असतो.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. माहिती चिपमध्ये साठवलेली असते, त्यामुळे दांडी सरकण्याची वाट बघावी लागत नाही. म्हणूनच लॅपटॉप तोच, प्रोसेसर तोच, पण सुरू होण्याचा वेळ काही मिनिटांवरून अर्ध्या-पाऊण मिनिटावर येऊ शकतो.

तुमच्याकडे कोणती डिस्क आहे हे कळायला दुकानात जायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये 'डिस्क'समोर एचडीडी आहे की एसएसडी ते बहुधा लिहिलेलं असतं. एचडीडी असेल आणि काही न करताही डिस्कचा आकडा 100 टक्क्यांजवळ राहत असेल, तर दुखणं तिथेच आहे असं समजायला हरकत नाही.

काय घ्यायचं?

हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक जुन्या लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडी बसते. शाळेच्या कामाला 256 जीबी पुरते. व्हिडिओ साठवायचे असतील तर 500 जीबीची घ्या. भाव वरखाली होतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा. नव्या लॅपटॉपच्या किमतीशी तुलना केलीत तर हा खर्च खूपच कमी निघेल. काही लॅपटॉपमध्ये एम.2 नावाची पट्टीसारखी डिस्क लागते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात आणि ते दिसायला सारखेच असतात. म्हणून दुकानात जाताना लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून न्या. काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच जोडलेली असते. ती बदलता येत नाही.

शाळेचा लॅपटॉप असेल तर वॉरंटी तपासा, शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा. वस्तू सरकारी आहे, परस्पर उघडू नका.

आधी माहिती सांभाळा

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते. डिस्क बदलण्याआधी निकालपत्रकं, फोटो, जुन्या प्रश्नपत्रिका वेगळ्या ठिकाणी कॉपी करा आणि ती कॉपी उघडून बघा. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्यावर घेता येते, त्याला क्लोन म्हणतात. पण विंडोज नव्याने टाकणार असाल तर फॉन्ट विसरू नका. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसेल तर नुसती अगम्य अक्षरं दाखवते.

आणि काढलेली जुनी डिस्क? ती दुकानदाराकडे मुळीच सोडू नका. तिच्यात मुलांचे आधार क्रमांक, बँक खाती, पालकांचे मोबाइल नंबर असतात. क्विक फॉरमॅट केल्याने फायलींची यादी पुसली जाते, माहिती बरीचशी तशीच राहते. डिस्क चांगली असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून बॅकअपला वापरा आणि कुलपात ठेवा.

एसएसडी आली म्हणून बॅकअप बंद करायचा नाही, उलट तो जास्त नियमित ठेवायचा. हार्ड डिस्क बिघडताना बऱ्याचदा टकटक आवाज करते, एसएसडी एक दिवस गुपचूप बंद पडू शकते.

याने सगळं सुटत नाही

रॅम 4 जीबीच असेल तर शक्य असल्यास तीही वाढवा. बिजागरी तुटलेली, स्क्रीन गेलेली, बॅटरी फुगलेली असेल तर डिस्कवर पैसे घालू नका. फुगलेली बॅटरी तर ताबडतोब वापरातून काढा.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि त्यामानाने नवे प्रोसेसर लागतात. जुना लॅपटॉप त्यात बसत नसेल तर उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली टाकता येते. ब्राउझर, मराठी युनिकोड टायपिंग, व्हिडिओ हे सगळं त्यात चालतं. पेन ड्राइव्हवरून ती आधी चालवून बघा, तुमचा प्रिंटर जमतो का ते तिथेच कळेल.

मुलांना दाखवा

शाळेत पूर्ण निकामी झालेली हार्ड डिस्क असेल तर मुलांसमोर उघडा. आरशासारखी चकती, दांडी आणि जोरदार चुंबकं दिसतील. दहावीला विद्युतधारेचे चुंबकीय परिणाम शिकवताना हातात धरायला याहून चांगली वस्तू मिळणार नाही. फक्त चकती वाकवू देऊ नका, लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती काचेची असू शकते आणि फुटली तर तिचे बारीक तुकडे उडतात.

आपण मुलांना ई-कचऱ्यावर प्रकल्प करायला लावतो, तक्ते काढून घेतो. त्याच शाळेत चालण्याजोगा लॅपटॉप 'स्लो आहे' म्हणून कोपऱ्यात पडलेला असेल तर मुलं त्या तक्त्यातून काय घेणार? पालकहो, तुमच्याही मुलाला नवा लॅपटॉप हवा असेल तर आधी त्याच्याकडूनच तपासून घ्या की जुना नेमका कशामुळे अडतो. कारण सांगता आलं, तर पुढचा खर्चही शहाणपणाचा होईल.

येत्या शनिवारी कपाटातला लॅपटॉप काढा, टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा आकडा लिहून ठेवा. नवीन घ्यायचा की दुरुस्त करायचा, ते मग ठरवा.